भरतीचा आडाखा दाखवला नाही

सन २००८. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली, पण मला विचारल्याशिवाय आमच्या बंदरातली होडी सुटत नसे.

धाकटी मुलगी कुडाळला कॉम्प्युटर शिकत होती. वर्ष गेलं तर लग्न, असं मी तिला आधीच बजावलं होतं. बांद्याचं एक स्थळ माझ्या होकारासाठी थांबलेलं होतं. ज्याच्यावर वर्ष ठरणार होतं, ते शेवटचं काम म्हणून तिने तिथीवरून भरतीची वेळ सांगणारा प्रोग्राम लिहिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या खाडीच्या तोंडाशी त्यातून किती वजा करायचं, ते माझ्या बापाने फक्त मला सांगितलेलं. मी तिला सांगितलं, तिने ते आत घातलं. शुद्ध पक्षात वेळ बरोबर यायची. वद्य पक्ष लागला की भलतीच.

काम द्यायच्या आदल्या दुपारी ती बाजारातल्या सायबर कॅफेत गेली. मीही हट्टाने गेलो. इंटरनेटवर एक मंडळी होती, शिकणाऱ्यांच्या अडचणी फुकट सोडवायची.

"बाबा, हयसर नियम आसा. आपण लिवललो प्रोग्राम पुरो दाखवूक व्हयो."

"घरातलो आडाखो जगाक दाखवतलंस? मासो खंय गावलो ता कोण कोणाक सांगता?"

"मग तेंका चूक कळतली कशी?"

"इतके शिकलले आसत ना? वळखूंदेत."

कॅफेवाला हसला. "काकानू, डॉक्टराक नाडी दाखवूची नाय, आणि औषध मात्र व्हया?"

मी त्याला गप्प केलं. मुलीने एवढंच टाकलं: माझ्या प्रोग्रामची वेळ चुकते, उद्या द्यायचा आहे, लवकर मदत करा.

उत्तरं इंग्रजीत आली, ती तिने मला सांगितली. एक जण म्हणाला, न बघता काय सांगणार, इथे कोणी ज्योतिषी नाही. दुसऱ्याने लिहिलं, नवीन दिसता, हरकत नाही, जेवढं लिहिलंय तेवढं टाका, मी बसलोय.

मला पहिलाच डसला. "लिव तेका. शिकवूचा नसात तर गप रव म्हणा. आमच्या खाडयेत इलंस तर गुडघाभर पाण्यात बुडशीत."

"बाबा, दुसरो बरो माणूस आसा. तेका सांगूया."

"आदी ह्येका."

मग तिने ते इंग्रजी करून टाईप केलं, एकही शब्द न गाळता.

थोड्या वेळाने ती मंडळी चालवणाऱ्यांनी आमच्या प्रश्नावर कुलूप लावलं. कोणालाच पुढे काही लिहिता येईना. तो दुसरा माणूसही मग दिसला नाही.

घरी येताना मी मनात म्हटलं, चुकलो. ते तोंडातून निघालं असतं तर वर्ष वाचलं नसतं, पण पोर त्या स्थळापासून वाचली असती. तेवढं एक वाक्य मला जड झालं. उलट मी म्हणालो, "बोललंय ता बोललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुडाळच्या एस्टीला गेलीच नाही. मी धुतलेला सदरा घातला आणि बांद्याला जाऊन होकार देऊन आलो.