ल्योंला मी कशी गेले

“हल्ली सरकारी जावईसुद्धा विमानात बसतात,” शिरीषदादा म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. बाकीचं सांगायला सोपं आहे, हे अवघड आहे. नुसतं ओठांवर हसले नाही, दात दाखवून हसले. शेजारच्या काकूंनी मांडीवर थाप मारली, तर मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

टेक्सासमधल्या अर्विंग गावातलं मोठं घर, रविवारची दुपार. आमच्या मराठी मंडळाचं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी पॉटलक असायचं. त्या वेळी शिरीषदादा आणि मेधाताईंकडे होतं. त्यांची मुलगी रिया सतरा वर्षांची. कॉलेजमधलं एक वर्ष फ्रान्सला, ल्यों शहरात करायचं असं तिने मनात घेतलं होतं. मी ल्योंच्या विद्यापीठातून पीएच.डी. केलेली, आणि त्या जोरावर टेक्सासमध्ये टेलिकॉमच्या नोकरीत. म्हणून मेधाताईंचा फोन आला, “जेवणं झाली की अर्धा तास बोल ना गं मुलांशी. तिकडचं एज्युकेशन कसं असतं, अ‍ॅडमिशन कशी होते, सगळं.” मला आभाळ ठेंगणं झालं. वर्षभर या लोकांत वावरत होते, पहिल्यांदा कुणी माझ्या शिक्षणाबद्दल विचारत होतं. तीन दिवस तयारी केली. इस्त्रीची साडी नेसून गेले.

छान बोलले मी. दोन नद्यांचं गाव, टेकडीवर रोमन लोकांनी बांधलेलं दगडी नाट्यगृह आणि त्याच्या पायऱ्यांवर नोट्स वाचत बसलेली पोरं. जुन्या भागातली बोळकांडं, एका घराच्या दारातून शिरायचं आणि दुसऱ्याच रस्त्यावर निघायचं. मुलांना मजा वाटत होती. मग शेवटच्या तोंडी परीक्षेचं सांगितलं. तिकडे ती दार उघडं ठेवून होते. वाटेल त्याने यावं, मागे बसून ऐकावं. आणि पदवी जाहीर झाली की विद्यार्थ्याने सगळ्यांना खाऊ घालायचं, परीक्षकांनासुद्धा. तशी रीतच आहे. मी आदल्या दिवशी खपून मसुराची आमटी, भात आणि कोंबडीचा रस्सा केला होता. परीक्षकांचे अध्यक्ष एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक होते. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि पावाच्या तुकड्याने ताटलीसुद्धा पुसून घेतली.

रियाने हात वर केला. “पण तू गेलीस कशी, मावशी? लाइक, हू पेड?”

साधा प्रश्न. मुलीला फॉर्म भरायचा होता, तिला खरंच हवं होतं उत्तर.

“मेरिट स्कॉलरशिप,” मी म्हणाले.

त्यावर शिरीषदादांचं ते वाक्य आलं. त्या उन्हाळ्यात भारतात आरक्षणाविरुद्ध मोर्चे निघत होते, आणि इथे प्रत्येक जेवणानंतर तोच विषय असायचा. “हिचं बघा, मेरिट म्हणजे मेरिट! नाहीतर हल्ली सरकारी जावईसुद्धा विमानात बसतात.”

मला पाठवलं होतं ते सरकारनेच. अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती असते, ती. त्यासाठी जातीचा दाखला घेऊन मी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते माझं मला माहीत. माझे वडील जालन्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. काचेची भांडी धुवायचे, पुसायचे, ओळीने मांडून ठेवायचे. त्यांनीच तो फॉर्म कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून उतरवून आणला होता. ल्योंहून पदवीच्या दिवशी मी फोन केला, तर अभिनंदन बाजूलाच राहिलं. त्यांनी विचारलं, “परीक्षक जेवले का तुझ्या हातचं?” मी म्हणाले, दोनदा वाढून घेतलं. ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

आणि त्या माणसाची मुलगी अर्विंगमध्ये म्हणते, मेरिट स्कॉलरशिप.

खोटं बोलायची सवय कशी लागली तेही सांगते. ल्योंमध्ये माझं आडनाव कुणाला धड वाचताही येत नव्हतं. तीन वर्षं कुणी गाव विचारलं नाही, मूळ विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. टेक्सासला आल्यावर तेच चालवायला गेले. मंडळात आडनाव सांगताना पुटपुटायची आणि लगेच ‘ल्योंची पीएच.डी.’ पुढे करायची. वाटायचं, तेवढ्याने झाकलं जातं.

बोलणं संपलं. कोकचा कूलर रिकामा झाला होता, म्हणून मी गॅरेजमधल्या फ्रीझरकडे बर्फ आणायला गेले. बर्फ मीच आणलेला. दर महिन्याला यादीची ईमेल यायची. कुणाकडे मसालेभात, कुणाकडे बटाट्याची भाजी, कुणाकडे श्रीखंड. माझ्या नावापुढे पेपर प्लेट्स, कप, बर्फ. पहिल्या वेळी मेधाताई म्हणाल्या होत्या, “एकटी राहतेस, जॉब करतेस, कशाला स्वयंपाकाचा त्रास?” मला भरून आलं होतं. मी त्यांना थँक्यू म्हटलं होतं.

रिया माझ्यामागे गॅरेजमध्ये आली.

“मावशी, यू कुक्ड फॉर द होल युनिव्हर्सिटी. मग इथे का नाही कुक करत?”

“यादीत बर्फ असतो ना माझ्याकडे.”

“मॉम बनवते ती लिस्ट.” ती पिशवी फोडायला मदत करत होती. “शी सेड तू कुक केलंस तर आजी खाणार नाही. अँड टू अदर काकूज. समथिंग अबाउट युअर लास्ट नेम. आय थॉट इट वॉज सम काइंड ऑफ अ‍ॅलर्जी.”

“तुझ्या डॅडला माहीत आहे?” मी विचारलं.

“एव्हरीबडी नोज.”

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणजे तो विनोद सरकारी जावयांवर नव्हता, माझ्यावर होता. माझं खोटं त्यांना खोटं म्हणून दिसत होतं, आणि मी दात काढत होते. हात बर्फाने बधिर झाले होते तरी मी पिशवी धरूनच उभी. मला रियाकडे बघवेना. मेधाताईंचा राग नंतर आला. आधी आली ती लाज, आणि ती जातीची नव्हती. त्या हसण्याची होती. त्या थँक्यूची होती.

आत गेले. बर्फ कूलरमध्ये ओतला. चहा सुरू होता. मी उभीच राहिले.

“मगाशी मी रियाला खोटं सांगितलं,” मी म्हणाले. “मी अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीवर ल्योंला गेले. मी बौद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पैसे सरकारचे होते. पदवी मात्र परीक्षकांनी प्रश्न विचारून विचारून दिली, आणि त्यांना माझी जात वाचता येत नव्हती. शिरीषदादा, मी तुमच्या विनोदावर हसले. ते हसू मी परत घेते.”

टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

“जोक होता यार,” शिरीषदादा म्हणाले. “इतकं पर्सनली काय घ्यायचं?”

“अगं, आमच्या मनात तसलं काही नाही गं,” मेधाताई म्हणाल्या. “सासूबाई जुन्या वळणाच्या, बस. आम्ही कुठे मानतो?”

मी पर्स उचलली. दारापर्यंत कुणी आलं नाही. रिया जिन्यात बसली होती, ती आईकडे एकटक बघत होती.

घरी आले तेव्हा छाती फुगवून आले नव्हते. काही जिंकलं नव्हतं मी. एका वर्षाने, एका पोरीने सांगितल्यावर, बोलले होते. त्यात मिरवण्यासारखं काय?

आठवड्याने वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. प्लेट्स, बर्फ, विनोद. मला वाटलं ते म्हणतील, शाब्बास पोरी. ते म्हणाले, “तू हसलीस?”

“हो, बाबा.”

“मी जन्मभर प्राध्यापकांच्या असल्या विनोदांवर हसलो. मला नोकरी टिकवायची होती. तुला काय टिकवायचं होतं?”

मंडळाच्या ईमेल बंद झाल्या. मेधाताई एकदा ग्रोसरीच्या दुकानात दिसल्या आणि डाळींच्या रांगेत वळल्या. त्याचं मला फार वाटलं नाही. वडिलांचा प्रश्न मात्र तसाच बसून आहे, आणि तो उठावा असं मला वाटतही नाही.

आता परदेशी शिकायला निघालेल्या मुलांपुढे मला कुणी बोलवलं, तर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मी अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीवर शिकले, ती आमच्या हक्काची होती, आणि ती घेताना मी कुणाचं काही लुबाडलं नाही. ल्यों त्यानंतर. ज्याला उठून जायचं असेल त्याने तेव्हाच उठावं. मी तोवर थांबते, मग दार लावून पुढचं बोलायला लागते.