टाकी गल्लीच्या दोघांचा नियम

श्रीपालअण्णांना साखरेचा आजार आहे, असं निम्मी निपाणी समजून चालते. चिकोडी रोडवरच्या त्यांच्या बियाणांच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक चहा मागवतं, तेव्हा हॉटेलवाल्याला आपणहूनच सांगतं, अण्णांचा बिनसाखरेचा. श्रीपाल तोच घेतो. आजार नाही, नियम आहे, आणि तोही फुटबॉलपायी घेतलेला, हे सोयाबीनचं बी न्यायला आलेल्या माणसाला कुठं समजावत बसायचं? असल्या माणसाकडचं बी उगवेल का, अशी शंका यायची गिऱ्हाइकाला.

गोष्ट जुनी आहे. तेव्हा श्रीपाल टाकी गल्लीच्या संघात मागं खेळायचा आणि मष्णू पुढं. श्रीपाल जैनाचा, घरचं दुकान. मष्णू मराठ्याचा, तंबाखूच्या वखारीत हमाल. पण दोघांची घरं पाण्याच्या टाकीला पाठ लावून शेजारी शेजारी, आणि शाळेत दोघं एकाच बाकावर बसून नापास झालेले. त्या साली संघ सेमीफायनलला हरला. धुळीत बसल्या बसल्या श्रीपाल रागानं म्हणाला, कप गल्लीत येईस्तोवर मी गोड खाणार नाही. त्यात फारसं नवल नव्हतं. जैनांच्या घरी कुणी चार महिने हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप सोडतं, कुणी मीठ. सोडायची सवयच असते. मष्णूला मात्र गप्प बसवेना. दोस्तानं सोडलं आणि आपण नुसतं बघत बसायचं म्हणजे काय! तो म्हणाला, मग मी मटण सोडलं.

गल्ली पोट धरून हसली. मष्णूनं मटण सोडणं म्हणजे म्हशीनं पाण्यात बसायचं सोडण्यासारखं होतं. लोकांनी त्याला आठ दिवस दिले, दयाळू लोकांनी पंधरा. पण बघता बघता दोघांची लग्नं झाली, केस पांढरे झाले, खेळणं सुटून नुसतं बघणं उरलं, तरी कप काही आला नाही आणि नियम काही सुटला नाही. श्रीपालच्या पोरीचं, सोनलचं बारसं झालं. पेढे वाटले बापानं आणि खाल्ले गावानं. दिवाळीला महावीरांच्या निर्वाणाचा लाडू बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, हातावर पडायचा, तो श्रीपाल बायकोच्या, ब्राह्मीच्या हातावर ठेवायचा. तिकडं जत्रेला घराघरांत मटण शिजायचं आणि मष्णू अंगणात पाठ फिरवून डाळ-भाकरी खायचा. त्याची बायको रुक्माबाई चुलीपुढं बसून सगळ्या गल्लीला ऐकवायची, की जैनाच्या नादी लागून हा बाबा जैन झाला, आता मुनींचं पिंछी-कमंडलू तेवढं आणायचं राहिलंय.

एका चातुर्मासात श्रीपालनं भीत भीत मुनिमहाराजांना आपला नियम सांगितला. महाराज हसले. म्हणाले, हा नियम नव्हे, हा नवस झाला. सोडलेली वस्तू परत कधी खायला मिळेल याची वाट बघत बसलास, तर सोडलीस कुठं? श्रीपाल खाली मान घालून परत आला. पण एक गोष्ट त्यानं महाराजांनाही सांगितली नव्हती. आपल्यामुळं मष्णूच्या तोंडात इतकी वर्षं मांस गेलं नाही, याचा त्याला आतून फार आनंद होता. बाकी आयुष्यात आपण काय पुण्य केलं म्हणून विचारलं असतं, तर त्याला एवढंच सांगता आलं असतं.

आणि संघ हरतच होता. कधी पहिल्याच फेरीत, कधी चांगली पोरं सैन्यभरतीला पळाली म्हणून, कधी पंचानं घात केला म्हणून. पंच दरवर्षी बदलायचा, घात तोच असायचा. हरून आलं की दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसायचे आणि अंधार पडेपर्यंत पुढच्या सालचा संघ उभा करायचे. ही माणसं वेडी होती, हे मी लपवत नाही. पण शहाण्या माणसांना इतक्या वर्षांत एकमेकांशी बोलायला काय उरतं, तेही मी बघितलेलं आहे.

मग मष्णूला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. मिरजेला दाखवलं. अन्ननलिकेत गाठ निघाली आणि ती फार पुढं गेलेली होती. डॉक्टरांनी रुक्माबाईला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जिवाला वाटेल ते द्या. पेज, दूध, वरणाचं पाणी एवढं उतरत होतं. एका रविवारी शेजारी मटण शिजलं. वास आला तसं मष्णूनं भिंतीकडं तोंड केलं. रुक्माबाईनं बघितलं तर डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं विचारलं, नुसता रस्सा करू का, चार चमचे? तो म्हणाला, कप आल्यावर.

ती तशीच उठून श्रीपालच्या दारात आली. आयुष्यभर ज्याला टोमणे मारले, त्याच्यापुढं पदर पसरून उभी राहिली. "अण्णा, तुमी एकदा खा म्हणा. तुमच्याबिगर त्यो कुणाचं ऐकायचा न्हाय."

श्रीपालच्या जिभेपर्यंत शब्द आला आणि तिथंच बसला. लहानपणापासून पाठशाळेत शिकवलेलं होतं, की हिंसा आपण करायची नाही, दुसऱ्याकडून करवायची नाही, आणि कुणी केली तर तिला बरं म्हणायचं नाही; तिन्हीचं पाप सारखंच. मटण खा, हे तोंडानं कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर, ते एवढं एक पुण्य आपल्याच हातानं पुसायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं एक पळवाट काढली. बेळगावात स्पर्धा चालू होती आणि यंदा टाकी गल्लीची पोरं कधी नव्हे ती सामन्यामागून सामने जिंकत होती. तो रुक्माबाईला म्हणाला, चार आठवडे कळ काढा, फायनल मारली की नियम आपोआप सुटतोय. रुक्माबाई पदर सावरून परतली. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण चार आठवडे म्हणजे किती, ते कळत होतं.

आणि पोरं खरंच फायनलला पोचली! गल्लीत कुणाचा पाय जमिनीवर ठरेना. फायनलच्या रविवारी सकाळी गल्लीतल्याच आण्णाप्पाच्या टेम्पोतून सगळी गल्ली बेळगावला निघाली, हलगी, गुलालाची पोती आणि फटाक्यांसकट. मष्णूच्या उशाशी रुक्माबाईनं मोबाईल उभा केला; सामना त्यावर दिसणार होता. चुलीवर तिनं मटणही चढवलं. श्रीपालनं जाताना ते बघितलं आणि पहिल्यांदाच त्या वासानं त्याला बरं वाटलं.

सामन्याचं काय सांगायचं? समोरचा संघ बेळगावचा, बुटांपासून शिट्टीपर्यंत सगळं तयारीचं. पहिला गोल झाला तेव्हा आपले लोक म्हणाले, हरकत नाही. दुसऱ्याला म्हणाले, अजून वेळ आहे. मध्यंतराला चार झाले होते, तरी हलगी थांबली नव्हती. गोलकीपर ओमकार, कॉलेजातलं पोर, डावीकडं झेप घ्यायचा तोवर चेंडू उजवीकडून जाळीत. सहाव्याला तो गुडघ्यांवर बसला. शेवटी आठ-शून्य. शिट्टी झाल्यावर टाकी गल्ली उठून उभी राहिली आणि आपल्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर संकेश्वर येईपर्यंत हलगी तशीच पडून होती. मग आण्णाप्पा गाडी हाकता हाकता म्हणाला, गेल्या साली पहिल्या फेरीत गेलो, यंदा फायनलला. या हिशोबानं पुढच्या साली कप आपलाच. मागून कुणीतरी हलगीवर टिपरी टाकली. श्रीपाल एकटाच गुलालाच्या पोत्याला टेकून बसला होता. त्याला पुढचं साल नको होतं. त्याला आजची दुपार हवी होती.

मष्णूच्या घरात तो शिरला तेव्हा ऊन अजून दारात होतं. मष्णू अंथरुणावर पाठीला उशी लावून बसला होता. पाच गोलांपर्यंत बघितलं, मग रुक्मानं फोन काढून घेतला, असं त्यानं पुसट आवाजात सांगितलं. मग थांबत थांबत तो सामन्यावर बोलू लागला. ओमकारची चूक नाही, मागची फळी उघडी पडली. समोरचे गडी अंगानं थोराड होते. "आपली पोरं कवळी हायत अजून," तो म्हणाला. "दोन वर्सं थांब तू. दोन वर्सांत बघ."

दोन वर्षं! श्रीपालला ते सोसेना. त्यानं रुक्माबाईकडं गूळ मागितला. तिनं हातावर खडा ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मष्णूच्या डोळ्यांसमोर श्रीपालनं तो तोंडात घातला. इतक्या वर्षांनी ती गोडी त्याला सहनच झाली नाही. कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं.

"माझा मोडला," तो म्हणाला. "आता तुझाबी ऱ्हायला न्हाय. मटण खा, मष्णू."

मष्णू त्याच्याकडं बघत राहिला. "तुला पाप लागंल की रं."

"लागू दे."

रुक्माबाईनं वाटीत रस्सा आणला. गाळून घेतलेला, पाण्यासारखा. मष्णूनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच धरून राहिला. मग गिळायला गेला आणि ठसका लागला. सगळं बाहेर आलं. रुक्माबाईनं पुसलं. दोस्ताच्या तोंडाकडं बघून त्यानं पुन्हा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा श्रीपालनंच वाटी बाजूला सारली. चार आठवड्यांपूर्वी पेज उतरत होती, तेव्हा हाही उतरला असता. एक वाटी तर नक्की. हे तिथं तिघांनाही कळलं.

मष्णूच आधी सावरला. चव कळली म्हणाला, झ्याक झालंय गं म्हणाला. मग श्रीपालचा हात ओढून त्याला जवळ घेतलं. "पोरास्नी ह्ये सांगू नगंस. आपुन दोघांनी सोडलं म्हणलं तर ती बी सोडत्याली."

श्रीपालनं मान हलवली. घरी ब्राह्मी सूर्य मावळायच्या आतलं ताट वाढून बसली होती. त्यानं न जेवताच ताटाला नमस्कार केला आणि टाकीमागं जाऊन, तोंडात उपरणं कोंबून, लहान पोरासारखा रडला. आठ गोलांचं त्याला काहीच वाटत नव्हतं. एक शब्द, जो आज बोलला, तो चार आठवडे आधी बोलायचा होता. पाप तर लागायचं ते लागलंच, आणि मष्णूच्या पोटात काही गेलं नाही.

मष्णू त्याच आठवड्यात गेला. तिरडी मैदानावरून न्या, असं कुणीही सांगितलं नव्हतं, पण पोरांनी खांदे तिकडंच वळवले.

दिवसकार्य झालं आणि पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर पोरं जमली. आठ गोल खाल्लेल्या संघात आता कोण येतंय, म्हणून श्रीपाल जरा धास्तावूनच गेला होता. सगळी आली होती. पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायचं काम चालू होतं. ओमकार हात झटकत त्याच्याकडं आला. आधी पायाशी वाकला, मग जमिनीकडं बघत म्हणाला, की मष्णूमामांचा नियम आता चालवायला कुणी नाही, तो त्यानं घेतलाय. कप येईपर्यंत मटण बंद. बाकीची पोरंही काय काय सोडायच्या विचारात होती. अण्णा एकटे पडले असं व्हायला नको, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

श्रीपालला भडभडून आलं. ओठांपर्यंत आलं होतं, की अरे, माझा कधीच मोडलाय. तुझ्या मामाचाही मोडलाय. आणि मोडून त्याला एक घोट मिळाला नाही. पण मेलेल्या माणसाला मान हलवून शब्द दिला होता. त्यानं ओमकारचे दोन्ही खांदे धरले.

"नगं रं पोरा. तू खा. मटण खा. आजच खा, घरी जाऊन."

ओमकार हसला. जैनाचे अण्णा मटण खा म्हणतायत, म्हणजे आपली परीक्षा बघतायत, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. मी मोडणार नाही अण्णा, म्हणाला, आणि गोलाच्या खांबांकडं पळत गेला. त्याला बघून दुसरी दोघंही हसली. श्रीपालनं त्याला पुन्हा हाक मारली, पण तोवर सराव सुरू झाला होता. एकदा उशिरा बोलला म्हणून सगळं चुकलं होतं. या खेपेला वेळेवर बोलला, तर कुणी खरं मानलं नाही.