पांढरं घोडदळ

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही उदगीर जिल्हा व्हावा म्हणून धरणं धरून बसलो होतो. पत्रकं मी लिहायचो. स्टेशन आहे, बाजारपेठ आहे, किल्ला आहे, मग जिल्हा का नाही? मंडपासमोरून लोक घागरी घेऊन टँकरकडे जायचे आणि मान वळवूनही बघायचे नाहीत.

बघण्यासारखी एकच गोष्ट आमच्याकडं होती. शाळेपासूनचा माझा एक दोस्त आणि मी टेबलावर लढाया खेळायचो. बोटाच्या पेराएवढे धातूचे घोडेस्वार, पट्टीनं मोजून चाल, फाशानं हारजीत. स्वार परदेशी बनावटीचे, डोक्यावर उंच टोप. ते टोप कापून आम्ही नळाची गळती बुजवायच्या पुट्टीच्या पगड्या बसवायचो. नळाला पाणीच नव्हतं, पुट्टी तरी कामी आली. रंगवायचा मात्र तोच. श्वास रोखून घोड्याच्या डोळ्यात ठिपका द्यायचा. वर्षभर खपून त्यानं उदगीरची लढाई उभी केली होती. मी पेशव्यांकडून खेळायचो, तो निजामाकडून, आणि बहुतेक वेळा जिंकायचा. म्हणायचा, ‘इतिहास तुझा, फासे माझे.’

दुष्काळाच्या पाहणीला मोठे साहेब येणार, मंडपात थांबणार, असा निरोप आला. लढाई मंडपात मांडू, असं मी सुचवलं. समितीचे अध्यक्ष आडत दुकानदार, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी चष्मा काढून घोडे निरखले.

‘ह्यात हरलं कोण?’

‘निजाम.’

‘मग न्हाई जमत. आपल्यात समदे हायेत. कुणीच हरायला नको.’

‘काका, मराठ्यांच्या तोफा गारद्यांच्या हातात होत्या, मुसलमानांच्या. पत्रकात लिहितो तसं.’

‘पत्रक कोण वाचतंय तुझं? लोक रंग बघतात. दोन्हीकडं एकच लाव.’

‘कोणता? भगवा?’

‘भगवा न्हाई. हिरवा बी न्हाई.’

‘मग निळा लावतो, आमचा.’

‘लई शाणा हायस. पांढरा लाव. पांढरा कुणाचाच न्हाई.’

मी भांडणारच होतो. दोस्तानं बाही ओढली. ‘जिल्हा झाला तर हाफिसं येतील. मला कामासाठी हैदराबादला जावं लागणार न्हाई. राहू दे.’

भिंतीला लावायचा पांढरा आणून त्यानं एका दुपारीत सगळं रंगवून काढलं. डोळे, लगाम, झुली, सगळं बुजलं. मी बघत बसलो नाही, बाहेर जाऊन घोषणा दिल्या.

साहेबांची गाडी मंडपापाशी थांबली. काच खाली झाली, निवेदन आत गेलं, काच वर झाली. टेबलापाशी आली ती टँकरच्या रांगेतली एक बाई, सावलीला. तिनं घागर खाली ठेवली आणि विचारलं, ‘साखरेचे हायेत का रं?’

जिल्हा झाला नाही. मंडप उतरवल्यावर आम्ही एक डाव मांडला. दळं भिडली तसा त्यानं गर्दीतून एक स्वार उचलला.

‘हा तुझा का माझा?’

मलाही सांगता येईना.

‘थिनरनं पुसू,’ मी म्हणालो.

‘खालचा रंग बी निघून जाईल.’ त्यानं तो स्वार माझ्या बाजूला ठेवला, मग बाकीचेही सरकवले. ‘ठेव तुलाच.’

पुढच्या आठवड्यात तो हैदराबादच्या गाडीत बसला. स्टेशनवर मी गेलो होतो. समितीतलं कुणी आलं नव्हतं, आणि जिल्ह्याचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.