उखाभाऊंनी ठेवलेली खडखड

उखा मिस्त्री गेल्याचं मला जळगावात कळलं, तेही चार दिवसांनी. धुळ्याहून कागदाची रिमं घेऊन आलेला माणूस छापखान्यात माझ्या टेबलाशी चहा पीत बसला होता. बशी खाली ठेवत तो म्हणाला, "तुमच्या धुळ्याचा तो आग्रा रोडवरचा मिस्त्री वारला. तापाचं निमित्त झालं. चांगला कारागीर होता, पण वकीलसाहेबांच्या गाडीची खडखड घालवणं काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही." मी हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं. मरणाच्या बातमीवर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं... त्या पुढच्या वाक्यावर मात्र होतं. गेली पाच वर्षं मी ते मनात दाबून बसलो होतो. आता दाबण्याचं कारण राहिलेलं नाही, आणि ज्याच्या नावाला बट्टा लागला तोही राहिलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ते वकीलसाहेब म्हणजे माझे मामा. धुळ्याला सरकारी वकील होते. वडील गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक होती, आणि तिच्यात कपड्यांपेक्षा वडिलांनी जमवलेली पत्रकं जास्त होती. परदेशी कापडाविरुद्धची, दारूविरुद्धची, शेतसाऱ्याविरुद्धची. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली. मामांनी ट्रंक उघडून पाहिली, बंद केली आणि म्हणाले, "माळ्यावर ठेव. मी पाहिली नाही असं समज." मामा असे होते. त्यांची गाडी दोन माणसांची, उघडी, तारांच्या चाकांची होती. बदली होऊन निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. मुळात शर्यतीची गाडी, त्यामुळे पत्रा हलका आणि स्प्रिंगा कडक. आमच्या रस्त्यांवर तिचं बॉनेट, मडगार्डं, दारं, काच, सगळं एकाच वेळी बोलायचं. गाडी वळणाच्या पलीकडे असतानाच वकीलसाहेब आल्याचं गावाला कळे.

ती गप्प करायचं काम उखाभाऊंकडे होतं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी जळगावच्या एका कापसाच्या जिनात यंत्रांपाशी काढली होती आणि मग धुळ्यात रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली होती. त्यांची पद्धत वेगळी होती. आधी गाडी लळिंगच्या रस्त्याने न्यायला लावायचे आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचे. मधेच हात बाहेर काढून पत्र्यावर तळवा दाबायचे. आवाज थांबला तर ठीक, नाहीतर तळवा चार बोटं पुढे. जागा सापडली की सुताराच्या तांबड्या पेन्सिलीने तिथे फुली मारायचे. मग शेडमध्ये आल्यावर ती जागा खोलायची, जुन्या खोगिराखालचा जाड लोकरी नमदा नाहीतर एरंडेलात भिजवलेलं चामडं नेमक्या मापाने कापून दोन पत्र्यांच्या मध्ये बसवायचं. काम झालं की गिऱ्हाइकाला बसवून पुन्हा तोच रस्ता. गिऱ्हाइकाने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली, की मगच रॉकेलच्या फडक्याने फुली पुसायची. त्याआधी नाही. दुसरे मिस्त्री पोकळीत चिंध्या कोंबून आवाज दाबतात, त्यांना उखाभाऊ 'बोळेवाले' म्हणत. हा त्यांच्याकडचा सगळ्यात वाईट शब्द होता.

मी त्यांच्याशी नीट वागलो नाही, हेही लिहायला हवं. विशीचा होतो, आणि जगात दोनच प्रकारची माणसं आहेत असं पक्कं ठरवून बसलो होतो. एकदा शेडमध्ये मी त्यांना म्हणालो, "उखाभाऊ, तुमच्या हातात एवढी विद्या, आणि ती तुम्ही सरकारच्या वकिलाची सवारी सुखाची व्हावी म्हणून वापरता?" ते मडगार्डाखाली उताणे पडले होते. तिथूनच म्हणाले, "तू बी तीच गाडीमा बसस ना, भाचेराव? मंग जरा पाना दे." मी पाना दिला.

बेचाळीस सालच्या पावसाळ्यात आमची चळवळीची पत्रकं धुळ्यात निघत आणि जळगावला पोचवावी लागत. मामांना कामासाठी दर आठवड्याला जळगावला जावं लागे, पेट्रोलची कूपनं त्यांना मिळत, आणि गाडी मी चालवत असे. तेव्हा मी डाव्या दाराच्या आतली फळी उघडली आणि पोकळीत पत्रकांचे गठ्ठे ठासून भरले. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात मी जेवत होतो त्यांना न विचारता मी त्यांची नोकरी आणि अब्रू डावाला लावली होती. त्या वेळी मला हे तत्त्वाला धरूनच वाटलं. आज तसं वाटत नाही.

बाकी गाडी उखाभाऊंनी एव्हाना शांत केली होती. राहिलं होतं ते हेच डावं दार. त्यासाठी गाडी एखादी सकाळ सोडा, असं ते सांगत आणि मामांना सवड होत नसे. पारोळ्याच्या नाक्यावरचा हवालदार त्या दाराची खडखड लांबून ओळखून आडवा बांबू आधीच वर करून ठेवायचा. पत्रकं भरली त्या दिवशी दार गप्प झालं आणि बांबू आडवाच राहिला.

"साहेब, माफ करा, ओळखलं नै," हवालदार गाडीला वळसा घालत म्हणाला. "आवाज कुठे गेला?"

"उखा मिस्त्रीने दुरुस्त केलं," मी सांगून टाकलं. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हवालदाराला बांबू वर करायची खूण केली.

येताना दार रिकामं असल्यामुळे पुन्हा वाजायला लागलं. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मामा हसून म्हणाले, "जाताना मौन, येताना प्रवचन. माझ्या काही साक्षीदारांसारखीच आहे ही." मग एके दिवशी सकाळी निघायच्या आधी त्यांनी अचानक फर्मावलं, "अजून तासभर आहे. गाडी उखाला दाखवून आण. काय तो सोक्षमोक्ष लागू दे." गठ्ठे दारात होते. नाही म्हणायला कारण सापडेना. मी गेलो.

मामांची तक्रार ऐकून उखाभाऊंनी दारावर मूठ आपटली, एकदा वर, एकदा खाली. मग शेडचा पडदा ओढला, फळीचे स्क्रू काढले आणि आतले कागद पाहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कसले कागद ते विचारायची गरज पडली नाही. एक गठ्ठा बाहेर ओढून त्यांनी दाराच्या तळाशी बोटं फिरवली.

"जाताना गप्प, येताना बोलस. मी तवाच वळखं, एकच बाजूले कायतरी जास," ते म्हणाले. "पन भाचेराव, बोळा? मन्हा नाववर बोळा? खालनी भोकं बुजी टाकी तू. पानी कथाईन जाई?"

"उखाभाऊ, पोलिसांना सांगणार का?"

"पोलीस इसन गया. सुट्टीवर घर उना व्हता तो हवालदार. सांगस, मिस्त्री, भारी काम करं, पन आते गाडी वळखू येत नै, दर खेपले थांबाडीसन दखनं पडस." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "माले हं म्हननं पडनं. न करेल काम मन्हा नाववर गये." हवालदार आधीच येऊन गेला होता, आणि माझी थाप त्यांनी हो म्हणून निभावली होती.

तासाभरात त्यांनी जे केलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलं. गठ्ठे काढले. दाराला नमदा आणि चामडं बसवलं, बिजागरी घट्ट केली, खालची भोकं मोकळी केली. कागदांसाठी आत एक उथळ पत्र्याची पेटी जखडली. दार भरलेलं असो की रिकामं, आता वाजणार नव्हतं. आपलं राहिलेलं काम त्यांनी आधी पुरं केलं. मग बॉनेट उघडून आत एक हातभर पट्टी लावली. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाचा स्क्रू मुद्दाम एक आटा सैल. गाडी चालू करून कान लावला, पट्टी किंचित वाकवली, पुन्हा कान लावला. चौथ्या खेपेला जुनीच खडखड आली, हुबेहूब. शेजारी त्यांनी तांबडी फुली मारली.

"तुन्हं काम सरनं की ये. एक आटा फिरावसू, बठ्ठं गुपचूप. तधळ फुली पुससू."

त्या दिवसापासून नाक्यावरचा बांबू पुन्हा आधीच वर होऊ लागला. मामांना मात्र उखाभाऊंनी कोर्टाच्या आवारात, चार वकिलांसमोर, हात जोडून सांगितलं, "साहेब, हाऊ आवाज माले नै सापडना." मामा चिडले. "उखा, तुझा कान गेला," म्हणाले. मी तिथेच उभा होतो. उखाभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्या माणसाने गिऱ्हाइकाशी कधी खोटा शब्द काढला नव्हता, त्याने तो माझ्यासाठी काढला, आणि तोही स्वतःच्याच हुन्नराविरुद्ध. वकिलांच्या बार रूममध्ये ते वाक्य फिरलं. डॉक्टरांची गाडी दुसरीकडे जाऊ लागली, मग जिनवाल्यांची. शेडमध्ये लॉऱ्या आणि टांगे उरले.

मी पुढे वेगळ्याच कारणाने पकडला गेलो, सुटलो आणि जळगावला छापखान्यात लागलो. तो एक आटा फिरवून घ्यायला गेलो नाही. मामांची नोकरी आहे तोवर खरं बाहेर यायला नको, असं स्वतःला सांगत राहिलो. इतरांच्या गप्प बसण्यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत... स्वतःच्या गप्प बसण्याला सबब पुरली.

बातमी कळली त्याच रविवारी धुळ्याला गेलो. मामा आता निवृत्त आहेत. त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्याच दारात काय होतं तेही. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मी त्याला काय म्हणालो होतो? कान गेला?"

"हो."

ते उठले, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बॉनेट उघडलं. पट्टी होती. फुली होती. त्यांनी स्वतः एक आटा फिरवला. दुसऱ्या दिवशी गाडी कोर्टात नेली. गाडी दोघांची, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. मामांनी त्या दिवशीच्या चार वकिलांपैकी हयात तिघांना एकेक करून शेजारी बसवलं आणि आग्रा रोडवरून, बंद शेडच्या पुढून, लळिंगपर्यंत नेऊन आणलं. मग डॉक्टरांना.

"ऐका," मामा म्हणायचे.

"काय ऐकू? काहीच वाजत नाही."

"तेच. उखाचं काम आहे. पाच वर्षांपूर्वीचं."

शेवटची फेरी झाल्यावर मामांनी रॉकेलचं फडकं घेतलं आणि फुली पुसली. पट्टी जागेवरच आहे. ते फडकं मामांनी धुवायला दिलं नाही. घडी करून गाडीच्या खणात ठेवलंय, तांबडी बाजू वर.