ब्रेकवरचा पाय

हं, तर काल गोष्ट थांबली तेव्हा झिपरू मिस्तरी जीपखाली उताणे होते. अजून तिथंच आहेत.

सोनगीरला हायवेलगत त्यांचं पत्र्याचं गॅरेज. जीप शिरपूरच्या केवलचंदशेठची, वडिलांच्या वेळची, चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. असली गाडी मिस्तरींकडे येणारी आता ही एकच उरलेली. शेठनं सांगून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत ब्रेक लागले तर ठीक, नाहीतर भंगारवाला न्यायला येतोय.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, नळी लावून सोडायचं. नळीतून बुडबुडे निघाले की निप्पल आवळायचं, मगच वरच्यानं पाय उचलायचा. तीस वर्षं तो वरचा पाय रुक्माबाईंचा, मिस्तरींच्या बायकोचा. मांडीवर सूप, सुपात बाजरी, हात निवडतोय आणि पाय पायडलवर. खालून हुकूम यायचा, दाब, धर, सोड. ट्रकवाले म्हणायचे, मिस्तरी, ड्रायव्हर झकास ठेवली. बाई म्हणायच्या, गाडी जागची हलत नाही म्हणून वाचलात तुम्ही.

गेल्या साली त्यांचा गुडघा धरला, तशी मिस्तरींनीच सांगून टाकलं, आता तू घरी बस. म्हणून आज पाय होता मुलाचा, धम्मपालचा. तो धुळ्याला शोरूममध्ये नोकरीला, रविवारचा आलेला. पायडलपासून सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक आधी, मग बाकीची. तीन फेऱ्या झाल्या. बुडबुडे कधीच थांबले होते, तरी पहिल्या दाबाला पायडल खोल जायचंच. जाऊ द्या बाबा गाडी, असं धम्मपाल म्हणाला. मिस्तरींनी खालून परत हुकूम दिला, दाब.

तेवढ्यात समोरच्या घरातून रुक्माबाई चहा घेऊन आल्या. कप बॉनेटवर ठेवले, पोराला उतरवलं, गुडघा सांभाळत स्वतः वर चढल्या. एकदा दाबलं, परत दाबलं. म्हणाल्या, हवा नाही यात. हवा असली की पायाला मऊ लागतं, हे नुसतं खोल जातंय. लायनर ड्रमपासून लांब राहिलेत.

मिस्तरींनी खालून चाकामागे हात घालून पाहिलं, खरंच होतं. नवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, घातल्यावर ड्रम चढावा म्हणून त्यांनी ते आत घेतले होते, ते परत बाहेर आणायचेच राहिले. राहणारच. इतकी वर्षं हवा काढण्याआधी बाई वरून 'लांब शे', लांब आहे, म्हणायच्या, तेव्हाच त्यांचा हात लायनर सरकवायच्या पान्याकडे जायचा. आज वरून कुणी म्हटलंच नाही.

मग चारही चाकांमागचे लायनर सरकवणारे बोल्ट फिरवले, ड्रम घासेपर्यंत, आणि केसभर मागे. पायडल वर आलं, दगडासारखं कडक. धम्मपालनं शेठला फोन लावला, भंगारवाल्याला नको म्हणून कळवा.

मिस्तरी बाहेर आले, हात पुसत बायकोकडे वळले. सकाळपासून समोर ओट्यावरच तर बसली होतीस, मग तेव्हाच का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं.

रुक्माबाई सीटवरून उतरल्या नव्हत्या अजून. म्हणाल्या, "सकायपाईन पाय पोऱ्याना व्हता. माले कोनी बलावं का?"