वाघोबाची शीव

भिवपुरीच्या डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथला बुधाजी वाघोबाचा पुजारी. पुजारी म्हटलं की नारळ, दक्षिणा आठवते. बुधाजीच्या वाट्याला फक्त भीती आली, तीही बापाकडून. वाडीच्या वरच्या अंगाला, घरं संपून रान सुरू होतं तिथे, शेंदूर फासलेला दगड होता, तोच वाघोबा. वाघबारशीला कोंबडं दिलं की बुधाजी त्याला बजावायचा, "हितून वर तुजं, हितून खाली आमचं. इसरू नको."

यंदा वाडीची भक्ती उतू गेली. बुधाजीचाच मुलगा हिरामण टेंपो चालवतो. त्याने पुढाकार घेऊन खाली डांबरी रस्त्याला फरशीचं देऊळ बांधलं आणि देव टेंपोत घालून तिथे नेला. देवदर्शन झालं पाहिजे, गाडीही लावता आली पाहिजे.

बुधाजी आडवा आला. "आरं, देव खाली न्हेलास म्हंजे शीव खाली गेली. समदी वाडी आता त्याच्या वाट्याला."

"बाबा, जनावराला काय कळतंय देऊळ कुठं हाय ते?" हिरामण हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो असतो.

थोड्याच दिवसांत ओट्यावरचं कुत्रं वाघाने नेलं. मग शेजारच्या चांगोची शेळी, भरदिवसा. पान वाजलं तरी बुधाजी दचकून उठायचा. अंगणात खेळणाऱ्या चिमुरड्या नातीच्या, सुरभीच्या कमरेला त्याने दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला.

एका संध्याकाळी तिच्या भातुकलीतल्या करवंटीशेजारी, ओल्या मातीत, पंजा उमटलेला दिसला. बुधाजीने दोरी सोडली, पोर हिरामणच्या हातात दिली, स्वतःच्या कपाळभर शेंदूर फासला आणि वर चालू लागला. सून हर्षला घाबरून मागे धावली.

दगड उचलला होता तिथे खळगा उरला होता. बुधाजी त्यात उकिडवा बसला होता, तोंड रानाकडे.

"मामा, घरी चला. भ्या नाय वाटत तुमाला?"

"लय वाटतंय. पर हितं कुणीतरी बसाय पायजे गं."

समोरच्या कारवीच्या झुडपात काहीतरी हललं. कापऱ्या आवाजात बुधाजी म्हणू लागला, "हितून वर तुजं, हितून खाली आमचं." सासऱ्याला ओढायला हर्षलाने हात पुढे केला, पण तो तसाच मागे घेतला. ती वाडीकडे वळून जिवाच्या आकांताने ओरडली, "अवो, टेंपो काढा. देव परत आना."