मुलीकडच्या यादीतलं दहावं कलम

माझ्या भाचीची सोयरीक मी एका चहाच्या वेळात जवळजवळ मोडली, आणि तीही अतिशय सुवाच्य अक्षरात.

झालं असं की, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मोबाईलवरच्या एका गटात शिरले. कवी आणि पटकथा लिहिणाऱ्यांसाठी तिथे रोज सकाळी गटाचे सर एक विषय देतात. दिवसभरात त्यावर लिहून पाठवायचं. एक दिवस चुकला की नाव बाद! (तीस वर्षं मुलांना गृहपाठ दिल्याचं पाप कुठेतरी फेडावंच लागतं.) ‘कढईच्या नजरेतून घर’ लिहिताना मला रडू आलं आणि वांगी करपली. ‘नवऱ्याकडे अनोळखी माणूस म्हणून पाहा’ या दिवशी मी ह्यांना दारातच विचारलं, “आपण कोण?” ह्यांनी हातातली पिशवीही खाली न ठेवता मला राजापेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. “डॉक्टरसाहेब, हे बाई मले वळखून नाही राहिली!”

तर पुढे एकदा अकोल्याला माझ्या भावाकडे सोयरिकीची बैठक होती. भावाची मुलगी पल्लवी आणि तेल्हाऱ्याचा एक मुलगा, दोघांनी दोन वर्षांपूर्वीच एकमेकांना पसंत केलं होतं. दोन्ही घरांना तयार करता करता पोरीचं वजन सहा किलोंनी उतरलं. आता फक्त मुलाच्या मोठ्या काकांचा, म्हणजे आबाजींचा, होकार बाकी होता. पल्लवीचा सकाळीच फोन आला. “आत्या, तू फक्त यादी लिहिजो. बाकी काही करू नको, हात जोडतो तुले.”

यादी म्हणजे बैठकीचा प्राण. लग्न कुठे, माणसं किती, टोपी-उपरणं कोणाकोणाला, हे सगळं मुलीकडच्यांनी कागदावर उतरवायचं. मुलाकडच्या वडीलधाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं, आणि एकेका कलमाला सगळ्यांनी “मंजूर!” म्हणायचं. शेवटी कोपऱ्याला कुंकू लावलं की विषय संपला. आमच्या खानदानात यादी माझ्याच हातची असते, कारण माझं अक्षर!

पण त्या दिवशी गटावर विषय काय यावा? ‘नायिकेच्या घरच्यांनी मुलाकडच्यांपासून लपवलेल्या दहा गोष्टी.’ अमरावतीहून निघालेल्या बसमध्ये ह्यांच्या शेजारी मी लिहायला बसले. वर ठसठशीत मथळा घातला, ‘मुलीकडची यादी’, आणि त्याखाली ‘दहा गोष्टी’. नऊ गोष्टी झाल्या आणि अकोला आलं. घरी पोहोचल्यावर खरी यादी त्याच वहीत, चार पानं पुढे लिहिली. वही मिटून आबाजींच्या हातात दिली आणि मी चहा आणायला आत गेले.

आबाजींनी वही उघडली, मथळा पाहिला आणि दवंडी दिल्यासारखं वाचायला लागले. “कलम एक! मुलीचं पहिलं लग्न कौंडण्यपूरच्या जत्रेत झालेलं आहे!”

“मंजूर!” सगळे म्हणाले. (सगळ्यांच्या हातात चिवड्याच्या बश्या होत्या. यादी कोण ऐकतं?)

“कलम दोन! मुलीचे वडील खरे नाहीत, नाटकातून आणलेले आहेत!”

“मंजूर!” यात सर्वांत खणखणीत आवाज माझ्या भावाचा.

“कलम तीन! मुलगी दर पौर्णिमेला शेजारच्यांची बकरी...”

“थांबा!” मुलाची आई उभीच राहिली. “पह्यलं लगन? कोनाचं पह्यलं लगन?”

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा पल्लवी भिंतीला टेकून रडत होती आणि माझा भाऊ स्वतःचं आधार कार्ड शोधत होता.

“अहो, ते खोटं आहे!” मी ओरडले. “सरांनी विषय दिला म्हणून लिहिलं.”

“कोन सर?” आबाजींनी विचारलं.

“मला माहीत नाही. मोबाईलवर असतात.”

“बापा! वळख ना पाळख, अन् थो सांगते तसं तुमी लिहून राहिल्या?”

पुरावा म्हणून मी घाईघाईने मोबाईल पुढे केला. आबाजींनी चष्मा सारखा करून नेमका आदल्या दिवशीचा विषय वाचला: ‘स्वयंपाकघरातल्याच वस्तू वापरून नवऱ्याचा काटा काढा. संवाद लिहा.’ खाली माझं उत्तर होतं, चांगलं दोन पानी. सर्वांनी आधी ह्यांच्याकडे अत्यंत कळवळ्याने पाहिलं, आणि मग एकेकाने चहाचा कप हलकेच दूर सारला.

अर्धा तास मी एकेक गोष्ट खोटी असल्याचं सिद्ध करत होते. बकरीसाठी शेजारच्यांना बोलावलं. (त्यांच्याकडे कधीच बकरी नव्हती, हे त्यांनी शपथेवर सांगितलं.) आबाजी हळूहळू निवळले. त्यांनी पुन्हा वही पाहिली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“वर लिव्हलं दहा गोष्टी. खाली नऊच. दहावी कुठी हाये?”

“सुचली नाही हो. बस पोहोचली.”

“नऊ खोट्या धडाधडा लिव्हल्या, अन् दहावीच काहून अडली?” आबाजींनी सभेकडे पाहिलं. “म्हंजे दहावी खरी हाये!”

सभेला हे एकदम पटलं. माझ्या भावालासुद्धा! तो मला म्हणाला, “ताई, सांगून टाक. माह्यापासून काय लपवून राहिली?”

पल्लवीने माझा हात घट्ट धरला. या पोरीचं लग्न माझ्या एका वाक्यावर अडलं होतं, आणि जत्रा, नाटक, बकरी भराभर सुचलेल्या माझ्या डोक्यात साधा एक शब्द येईना. खोटं सुचेचना, म्हणून नाइलाजाने खरं सांगितलं.

“दहावी गोष्ट अशी, की मुलीची आत्या कविता करते. आणि लग्नात म्हणूनही दाखवणार होती. सव्वीस कडव्यांची आहे.”

मुलाकडचे उठून अंगणात गेले. दहा मिनिटं नुसती कुजबुज ऐकू येत होती. मग आबाजी आत येऊन बसले आणि घसा खाकरला.

“पोरगी आमाले पसंत हाये. पोरीचा काही दोष नाही. पन यादीत कलम वाढवा. लिहा, आत्याबाई. ‘लग्नात आत्या कविता म्हणणार नाही.’”

मी लिहिलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. आबाजींनी ते वाचून दाखवलं आणि दोन्हीकडची चाळीस माणसं, चिवड्याच्या बश्या खाली ठेवून, नीट कान देऊन, एका सुरात म्हणाली, “मंजूर!”

आमचे हे दोनदा म्हणाले.